चित्राचा सातबारा कोणाच्या नावावर?

पत्र: मी विक्रमगड तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते. वारली चित्रं वडिलांकडून शिकले. घर सजावटीच्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीने माझ्याकडून १२ चित्रं मागितली आहेत. ती चादरी, कप, मोबाइलची कव्हरं यांवर छापून ऑनलाइन विकणार आहेत. एकरकमी ६०,००० रुपये देतो म्हणतात. करार ९ पानांचा, सगळा इंग्रजीत. त्यात ‘असाइनमेंट’, ‘इन परपेच्युइटी’, ‘वर्क फॉर हायर’, ‘इन्डेम्निटी’ असे शब्द आहेत. दोन चित्रांत लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढतात ती देवीची चौकट, हवा, असंही म्हणतात. आतलं भरकाम माझ्या दोन वहिन्या करतात, कधी १६ वर्षांचा धाकटा भाऊही बसतो. शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा, सगळे कलाकार यावरच सही करतात, असं फोनवर सांगितलं. पैशांची गरज आहे. सही करू का? (एक चित्रकार)

उत्तर:

ताई, शुक्रवारी सही करू नका. काम सोडा असं आम्ही म्हणत नाही. काम चांगलं आहे, फक्त हा कागद तुमच्या बाजूने वाचून कोणी लिहिलेला नाही. शुक्रवार हा दिवस कंपनीने ठरवलाय, कायद्याने नाही. ज्यांना १२ चित्रं खरोखर हवी आहेत, ते आणखी १५ दिवस थांबतात.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. चित्र आणि चित्राचा हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कापडावर गेरू लावून, तांदळाच्या पिठाने काढलेलं चित्र तुम्ही कोणाला विकलंत, तर तो ते भिंतीवर लावू शकतो. ते छापून हजार चादरी काढायचा हक्क त्याबरोबर आपोआप जात नाही. तो हक्क म्हणजे कॉपीराइट, आणि तो वेगळ्या लेखी कागदाने द्यावा लागतो. तुमच्या हातातला कागद नेमका तोच आहे.

जमिनीच्या भाषेत सांगायचं तर ‘असाइनमेंट’ म्हणजे खरेदीखत आणि ‘लायसन्स’ म्हणजे खंडाने देणं. ‘इन परपेच्युइटी’ म्हणजे कायमचं. कंपनी तुमच्याकडून १२ चित्रांचं कायमचं खरेदीखत मागते आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. ते कुंपण मोठ्या लढ्यांनंतर उभं राहिलं. चित्राच्या हक्काला असं कुठलंही कुंपण नाही. एका सहीने तो जातो, आणि कलाकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षं चालणारा हक्क असल्यामुळे तुमच्या नातवंडांच्या हातूनही जातो. हे कुंपण तुम्हालाच करारात घालावं लागेल.

आता सर्वात धोक्याची जागा. पुष्कळ चित्रकारांना वाटतं की करारात हक्काबद्दल काहीच लिहिलं नाही तर हक्क आपल्याकडेच राहतो. एरवी ते खरं आहे: कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कलाकृती करणारा हाच पहिला मालक. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. कोणी मोबदला देऊन, सांगून चित्र काढून घेतलं असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. तुमची १२ चित्रं अशी सांगून काढून घेतलेलीच आहेत. म्हणजे या कामात गप्प राहणं तुमच्या विरोधात जातं. ‘वर्क फॉर हायर’ हा शब्द अमेरिकी करारांतून उचललेला आहे. आपल्या कायद्यात तो नाही, तरी इथे तो घालण्यामागचा हेतू हाच, की मालकी पहिल्या दिवसापासून कंपनीची. ते वाक्य खोडायला सांगा आणि त्या जागी हे घालायला सांगा:

“या करारातील सर्व चित्रांचा कॉपीराइट, कलम १७ मध्ये काहीही म्हटलेले असले तरी, पहिल्यापासून चित्रकाराकडेच आहे व राहील. कंपनीला केवळ खाली नमूद केलेल्या वापरापुरते लायसन्स देण्यात येत आहे.”

हे वाक्य पहिली रेघ ओढण्याआधी दोघांच्या सहीने कागदावर यायला हवं. चित्रं देऊन झाल्यावर मागितलंत तर ‘उलट काही ठरलेलं नव्हतं’ हे म्हणणं कंपनीला सोपं जातं. आणखी एक वाट आहे, ती विचारून पाहा. घरात आधीच काढून ठेवलेली चित्रं असतील तर त्यांतली काही कंपनीला दाखवा. ती कोणाच्या सांगण्यावरून काढलेली नसल्यामुळे कलम १७ चा हा अपवाद त्यांना लागूच होत नाही.

लायसन्स म्हटलं की चार गोष्टी स्पष्ट लिहायच्या: कोणतं चित्र, कशावर, कुठे, किती काळ. कलम १९ ने हे अपेक्षितच धरलं आहे. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर तो परत जातो. कलम ३०-अ मुळे हे नियम लायसन्सलाही लागू आहेत. पण ही सगळी मदत करारात काही वेगळं लिहिलं नसेल तेव्हाची. तुमच्या कागदात ‘कायमचं’ असं लिहिल्यामुळे पहिली गोष्ट आधीच गेली, आणि ‘जगभर’ असंही लिहिलं असेल तर दुसरीही. तिसरी गेली आहे का हे बघण्यासाठी कागदावर ‘१९(४)’ हा आकडा शोधा. कंपन्यांच्या तयार करारांत बहुतेक वेळा एक ओळ असते: कलम १९(४) च्या तरतुदी लागू होणार नाहीत. इंग्रजी येत नसलं तरी हा आकडा सापडतो. त्या ओळीचा अर्थ असा की कंपनीने तुमचं चित्र कपाटात ठेवून दिलं तरी ते तुम्हाला परत मिळणार नाही आणि दुसऱ्यालाही देता येणार नाही. ही ओळ खोडून घ्या.

तुमच्या बाबतीत आम्ही असं मागितलं असतं: चादर, कप आणि मोबाइल कव्हर या ३ वस्तू, भारतात, ३ वर्षांसाठी. टी-शर्ट, कॅलेंडर, भिंतीचा कागद, जाहिरात, परदेशातली विक्री हवी असेल तर वेगळं बोलायचं, वेगळे पैसे. ‘सध्या अस्तित्वात असलेली आणि पुढे येणारी सर्व माध्यमे’ अशी ओळ असेल तर तीही नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ सांगतं की करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारात नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय त्याचा हक्क जात नाही. अशी सरसकट ओळ पुरेशी की अपुरी, यावर कोर्टात भांडत बसण्यापेक्षा ती नसलेलीच बरी. आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे आज अस्तित्वात असलेलं माध्यम आहे, म्हणून त्याबद्दल वेगळं वाक्य लागतं: “चित्रांच्या प्रती कोणत्याही संगणकीय प्रणालीला शिकवण्यासाठी किंवा त्यावरून नवी चित्रे तयार करण्यासाठी वापरता येणार नाहीत.” कंपनी यावर अडून बसली तर समजा, १३ वं चित्र तुमच्याकडून काढून घ्यायचा तिचा विचार नाही.

‘एक्स्क्लुझिव्ह’ हा शब्द दिसेल. त्याचा अर्थ, ते चित्र त्या वस्तूंवर दुसऱ्या कोणाला देणार नाही. तेवढं देणं ठीक आहे, त्याचे जास्त पैसे मागा. पण कुठे असं लिहिलं असेल की कराराच्या काळात चित्रकार दुसऱ्या कोणासाठी वारली चित्रंच काढणार नाही, तर ते साफ नाकारा. हा तुमचा रोजगार आहे, आणि बाकीच्या दिवसांचा पगार कंपनी देत नाही. करार संपल्यानंतरही काम करायचं नाही अशी अट असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे ती रद्दबातलच आहे. तरी कागदावर राहू देऊ नका, धाक दाखवायला ती वापरली जाते.

आता पैसे. ६०,००० ला १२ चित्रं, म्हणजे एकाचे ५,०००. दोन बाय तीन फुटांच्या दाट चित्राला भरकामासकट ८ दिवस लागत असतील तर दिवसाचे ६२५ रुपये होतात, आणि त्यातून कापड, रंग, कुरिअर वजा व्हायचंय. भरकामाला बसणाऱ्यांत ते वाटून घेतलं की ही नुसती मजुरी झाली. चित्र वापरण्याचं मोल यात कुठेच नाही. म्हणून दोन रकमा वेगळ्या मागा: चित्र काढण्याचा मोबदला आणि वापराची रॉयल्टी. हिशेब कसा दिसतो ते पाहा. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. कंपनी चादर दुकानदाराला ७०० रुपयांना देते आणि रॉयल्टी ६ टक्के ठरली, तर चादरीमागे ४२ रुपये. एका नक्षीच्या २,००० चादरी गेल्या तर ८४,०००. एका चित्रातून, एका वस्तूवर. एकरकमी रक्कम कधीच घेऊ नये असं नाही. कंपनी नवी असेल, माल खपेल याची खात्री नसेल, तर हातात आलेले पैसे खरे. पण एकरकमी घ्यायचे तर मुदत छोटी ठेवा आणि छापण्याच्या नगांवर मर्यादा घाला: इतक्या नगांपर्यंत हे पैसे, पुढे नव्याने.

रॉयल्टी मान्य झाली की लक्ष टक्क्यांवर जातं, आणि पैसे टक्क्यांखालच्या शब्दांत बुडतात. ‘नेट सेल्स’चे ६ टक्के असं लिहून पुढे व्याख्येत जाहिरात, सवलत, वेबसाइटचं कमिशन, गोदाम, वाहतूक सगळं वजा केलेलं असतं. मग ६ टक्के कशाचे, तर उरलेल्या चिमूटभराचे. तुम्ही म्हणा: बिलावरची जीएसटी वगळून असलेली किंमत, त्यातून फक्त खरोखर परत आलेला माल वजा. ‘दोनावर एक फुकट’ अशा योजनेत तुमच्या चित्राची वस्तू फुकट गेली तर टक्केवारी शून्य होते, म्हणून नगामागे एक किमान रुपयाही लिहून घ्या. हिशेब दर ३ महिन्यांनी, तिमाही संपल्यापासून ३० दिवसांत यावा, आणि त्यात प्रत्येक वस्तूचे छापलेले, विकलेले आणि शिल्लक असे तीन आकडे असावेत. विकलेल्याचाच आकडा मिळाला तर तो पडताळायला काही उरत नाही. वर्षातून एकदा तुमच्या बाजूचा हिशेबनीस वह्या पाहू शकेल, आणि ५ टक्क्यांहून जास्त तूट निघाली तर तपासणीचा खर्च कंपनी देईल, ही ओळ घाला. प्रत्यक्षात तपासणी क्वचितच करावी लागते. ओळ असली की हिशेब नीट येतात.

चित्र काढण्याच्या मोबदल्याचे हप्ते पाडा: ४० टक्के सही होताच, ३० टक्के कच्ची रेखाटनं मंजूर झाल्यावर, ३० टक्के चित्रं पोहोचल्यावर. ‘कंपनीचे समाधान झाल्यावर’ पैसे, असं लिहिलं असेल तर समाधान कधीच होत नाही. म्हणून बदल २ वेळा, तेही रेखाटनाच्या टप्प्यावर. पिठाने भरलेलं कापड पुन्हा पुसता येत नाही, हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं. चित्र मिळाल्यावर १० दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते मंजूर धरलं जाईल. नापसंत चित्रं परत यावीत आणि त्यांच्यावर कंपनीचा कसलाही हक्क नसावा. काम मधेच रद्द झालं तर झालेल्या टप्प्याचे पैसे तुमचेच.

मूळ चित्रं कंपनीला द्यायची का, हाही वेगळा प्रश्न आहे. छपाईला उत्तम स्कॅन पुरतो. मूळ चित्रं ३० दिवसांत परत, जाता-येता विमा कंपनीचा, हरवल्यास चित्रामागे ठरलेली भरपाई, असं लिहा. मूळ चित्र विकायचंच ठरलं तर त्याची किंमत निराळी. कलम ५३-अ प्रमाणे मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात वाटा मागता येतो, पण चित्रकार कलम १७ प्रमाणे पहिला मालक असेल तरच. त्या एका कलमाचं महत्त्व इथेही दिसतं.

छोट्या उद्योगांच्या नोंदणीसाठी सरकारचं उद्यम पोर्टल आहे. त्यावर तुमच्या चित्रकामाची नोंद केली नसेल तर आधी करून घ्या. नोंद फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. करारानंतर केलेल्या नोंदीवर वाद घातला जातो, म्हणून सही करण्याआधी. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे खरेदीदाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, करारात ९० लिहिले असले तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून करता येते. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वजा होणारा आयकर, कापतील: रॉयल्टीवर १० टक्के, पॅन दिला नाही तर २०. कापलेल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, परतावा मिळू शकतो.

‘इन्डेम्निटी’कडे येऊ. हा शब्द बहुतेक जण वाचून सोडून देतात, आणि वारली चित्रकारासाठी तो सगळ्यात अन्यायाचा असू शकतो. त्याचा अर्थ: चित्रावरून कोणी कंपनीवर दावा केला तर सगळा खर्च चित्रकार भरेल. त्याच्याआधी एक हमी असते, की चित्रातलं सर्व काही पूर्णपणे स्वतःचं, नवं, कोणाच्याही हक्कात न येणारं आहे. तुम्ही ही हमी प्रामाणिकपणे कशी देणार? तारपा नाचाचा वेढा, दोन त्रिकोणांचा माणूस, चौकातली पालघाट देवी हे तुमचं एकटीचं नाही, समाजाचं आहे. तुमची आहे ती तुमची मांडणी, तुमची रेघ, तुमचं भरकाम, आणि कॉपीराइट त्याचाच मिळतो. म्हणून हमी अशी द्या: “चित्रे चित्रकाराने स्वतः काढली असून दुसऱ्या कोणाच्या चित्राची नक्कल नाहीत. त्यातील पारंपरिक आकृती वारली समाजाच्या असून त्यांवर कोणाचीही एकाधिकार मालकी नाही.” आणि भरपाईची जबाबदारी ‘या करारातून प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपर्यंत’ अशी बांधून घ्या. नाहीतर ६०,००० च्या कामापायी लाखोंचा बोजा अंगावर येऊ शकतो.

त्याच परिच्छेदात कंपनीकडूनही दोन हम्या घ्या. या आकृती किंवा ‘वारली’ हा शब्द ती स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवणार नाही. आणि यंत्रावर छापलेल्या मालाला ‘हाताने काढलेलं वारली चित्र’ म्हणून विकणार नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. मानांकन समाजाच्या नावाचं रक्षण करतं, तुमच्या एका चित्राचं नाही. ते कोणाला विकता किंवा भाड्याने देता येत नाही, भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम २४ ने त्याला मनाई आहे. करारात ‘मानांकनाचे सर्व हक्क’ असं काही घुसवलं असेल तर ते देणं तुमच्या हातातच नाही. तुम्ही स्वतः अधिकृत वापरकर्त्या म्हणून नोंद केली नसेल तर ती मात्र करा.

लग्नाच्या चौकाचं काय? कायदा इथे फार थोडी मदत करतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे चित्र आपलं आहे हे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क, कॉपीराइट विकल्यानंतरही, चित्रकाराकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनात केलेलं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, तेव्हा २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि ५ लाख रुपये भरपाई दिली, ती याच कलमावर. म्हणून ‘मॉरल राइट्स’ (म्हणजे हेच हक्क) सोडून देत आहे अशी ओळ दिसली तर खोडा. पण हा हक्क चित्रकाराच्या मानाचा आहे, देवीच्या नाही. सुवासिनींनी काढायचा आणि धवलेरीने (लग्न लावणाऱ्या बाईने) गाणी म्हणून जागवायचा चौक पायपुसण्यावर आला तर कलम ५७ तुमच्या पाठीशी उभं राहीलच, असं धरून चालता येत नाही. तो बांध करारात घालावा लागतो. चौक द्यायचा की नाही हे आधी घरातल्या आणि पाड्यातल्या जाणत्या बायांशी बोलून ठरवा. दिलाच तर कोणत्या वस्तूंवर नाही ते नावानिशी लिहा: पायपुसणी, चपला, अंतर्वस्त्रं, दारूच्या बाटल्या, फेकून द्यायचे कागदी रुमाल. चादरीवर लोक पाय ठेवतात, याचाही विचार करा. ‘अपमानकारक वापर करू नये’ एवढंच लिहिलंत तर अपमान कशात आहे हे कंपनी ठरवते. आमचं मत विचाराल तर ती दोन चित्रं बाहेर ठेवा आणि त्या जागी भातलावणीची, मासेमारीची किंवा तारप्याची चित्रं सुचवा.

नावाचा उल्लेखही असाच नेमका हवा. ‘योग्य ते श्रेय’ याला अर्थ नाही. तुमचं नाव जसं छापायचं तसं, देवनागरीत की दोन्ही लिपींत, चादरीच्या लेबलावर, वेबसाइटवर त्या वस्तूच्या पानावर, असं लिहा.

चादरींमुळे एक आडवळणाचा मुद्दा येतो. कापडावर छापण्यासाठीच बांधलेली नक्षी ही डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवता येते. नोंदवता येण्यासारखी असून नोंदवली नाही आणि तिच्या ५० हून जास्त वस्तू यंत्रावर निघाल्या, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. भिंतीवरचं चित्र म्हणून काढलेल्या मूळ चित्राचा हक्क वेगळा आणि तो टिकतो, असं न्यायालयांनी मानलं आहे, पण सीमारेषेवर वाद होतात. म्हणून दोन गोष्टी करा. चित्र आधी चित्र म्हणून पूर्ण करा आणि त्याचा दिनांकासह फोटो ठेवा. आणि करारात लिहा की डिझाइनची नोंदणी करायची झाली तर ती चित्रकाराच्या नावे, कंपनीच्या खर्चाने होईल. नोंदणी नक्षी जगासमोर येण्याआधी व्हावी लागते, म्हणून तोवर ती चित्रं इन्स्टाग्रामवर टाकू नका. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क चित्र काढताच मिळतो. पुराव्याला नोंद हवी असेल तर वस्तूंवर वापरायच्या चित्राला २,००० रुपये शुल्क आणि ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध प्रमाणपत्र लागतं, इतर चित्राला ५०० पुरतात.

वहिन्यांचा प्रश्न तुम्ही सहज लिहिलात, पण तो मोठा आहे. भरकाम करताना त्या स्वतःची जाळी, स्वतःची झाडं घालत असतील तर त्या सहनिर्मात्या ठरू शकतात, आणि मग एकटीच्या सहीने पूर्ण हक्क देता येत नाही. कंपनीच्या आधी घरातला कागद करा: कोण काय करतं, मोबदल्याचा आणि रॉयल्टीचा वाटा कोणाचा किती, कंपनीशी कोण बोलणार. सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि वहिन्यांचे पैसे त्यांच्याच खात्यावर जाऊ द्या. भाऊ १८ खालचा आहे, त्याच्या सहीला करारात किंमत नाही. त्याचं नाव कराराबाहेर ठेवलंत तरी त्याच्या कामाचे पैसे बाहेर ठेवू नका.

शेवटची दोन पानं बहुधा वादाबद्दल असतील. ‘फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ किंवा कंपनीने एकतर्फी नेमलेला लवाद, असं असेल तर ठिकाण पालघर किंवा मुंबई मागा आणि लवाद दोघांच्या संमतीने. कॉपीराइट भंगाचा दावा चित्रकार जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो, ही सोय कलम ६२ ने दिली आहे. ती करारात गमावू नका. करार मोडण्याची वाटही हवी: हिशेब किंवा पैसे ६० दिवस थकले आणि नोटिशीनंतर १५ दिवसांत आले नाहीत, तर लायसन्स आपोआप संपेल. शिल्लक माल विकायला ९० दिवस, त्यावरही रॉयल्टी.

मराठी प्रत मागा, आणि दोन्ही भाषांतल्या प्रती सारख्याच ग्राह्य असं लिहून घ्या. ‘फरक आढळल्यास इंग्रजी मान्य’ असं असेल तर मराठी प्रतीचा उपयोग फक्त वाचण्यापुरता. १२ चित्रांचे छोटे फोटो परिशिष्टात लावा, रिकाम्या जागांवर रेघा मारा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, आणि सही झालेली प्रत त्याच दिवशी हातात. योग्य मुद्रांक शुल्क भरलेलं नसेल तर शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो कागद पुराव्यात घेतला जात नाही, म्हणून मुद्रांक कोण भरणार हेही लिहा. फोनवर ठरलेलं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि पुसू नका.

हे सगळं एकटीने करायचं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. स्त्री म्हणूनही तुम्ही पात्र आहातच. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. जातीच्या दाखल्याची प्रत, आधार, कराराच्या दोन प्रती आणि कंपनीशी झालेल्या संदेशांच्या छापील प्रती न्या. पॅनलवरच्या वकिलांचं रोजचं काम जमिनीचं, फौजदारीचं असतं. कॉपीराइटचे करार त्यांच्यासमोर कमी येतात. तुम्ही कागदावर कलम १७, १८, १९ आणि ५७ असं पेन्सिलीने लिहून दिलंत तर त्यांचा आणि तुमचा वेळ वाचेल. सगळ्या अटी मान्य होतील असं नाही. सोडायचंच झालं तर टक्के थोडे सोडा, ‘एक्स्क्लुझिव्ह’ देऊन टाका. मालकीचं वाक्य, मुदत आणि भरपाईची मर्यादा सोडू नका.

कंपनीला आजच हा निरोप पाठवा:

“नमस्कार. आपल्यासोबत काम करायला मला आवडेल. करार वाचते आहे. चित्रांचा कॉपीराइट माझ्याकडे ठेवून, ठरावीक वस्तू व ३ वर्षांसाठी लायसन्स देण्याची माझी तयारी आहे. कृपया कराराची मराठी प्रत व बदल करता येईल अशी फाइल पाठवावी. मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या दुरुस्त्या कळवते. करारावर दोघांच्या सह्या होईपर्यंत चित्रांचे काम सुरू करणार नाही, आणि आधी पाठवलेले नमुने कुठेही वापरू नयेत ही विनंती.”